आवाज कमी केल्यावर कोण उरतो? डीजेंचा गाजावाजा आणि खरा हात

हलगी_ते_हाऊस | मंगळवार, रात्री ११.२०

मंडळी, महिनाभर डोक्यात घोळतंय ते इथे मांडतो. लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा.

जुळे सोलापुरात एका ओळखीच्या घरी हळद होती. डीजे बाहेरून बोलावलेला. पोराचे इन्स्टाग्रामवर भरपूर फॉलोअर, मागे एलईडी वॉलवर त्याचं नाव फिरतंय, शार्पी दिवे, धूर, पेपर ब्लास्ट, सगळं होतं. साडेसातला सुरू झालं आणि मैदान भरलं. खरंच भरलं. सव्वानऊला पोलिसांची गाडी आली, शेजारून कुणीतरी तक्रार केली होती. यजमानांनी हात जोडले, बेसचे बॉक्स बंद झाले, दोन टॉप (वरच्या सुरांचे बॉक्स) तेवढे चालू ठेवले. पंधरा मिनिटांत मैदानात फक्त लहान पोरं होती. गाणी तीच, डीजे तोच, माणसं तीच. आवाज तेवढा गेला होता.

मला २००९ ची विजापूर रोडची एक वरात आठवली. मी तेव्हा एका मामांच्या हाताखाली केबल ओढायला जायचो. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. वरात अर्ध्यावर असताना जनरेटर बसला. जवळच्या घरातून वायर ओढून एक अ‍ॅम्प आणि दोन टॉप कसेबसे चालू केले. मामांनी पहिली तीन-चार मिनिटं गाणंच लावलं नाही. रेकॉर्ड केलेली हलगी, तीही बारीक आवाजात, चालू ठेवली आणि नुसते बघत राहिले. बायका कुठे उभ्या आहेत, नवऱ्याचे दोस्त कुठे, कोण चपला काढून कट्ट्यावर बसलंय. मग एक जुनं लोकगीत घेतलं, तेही मधल्या कडव्यापासून. कट्ट्यावरच्या दोघी आज्या उठल्या आणि फुगडी सुरू झाली. तिथून पाऊण तास वरात जागची हलली नाही. 'आवाज वाढवा' असं एकाही माणसानं म्हटलं नाही.

तेव्हापासून माझी डीजे ओळखायची कसोटी एकच आहे. आवाज कमी करा आणि कोण थांबतंय ते बघा.

जगाच्या बाजारातही हाच घोळ आहे. डीजे मॅग या ब्रिटिश मासिकाची टॉप १०० यादी दरवर्षी लोकांच्या मतांवर ठरते. १९९७ ला कार्ल कॉक्स पहिला होता, २००२ ते २००४ सलग टिएस्टो, २०११ ला डेव्हिड गेटा, २०१३ आणि २०१४ ला हार्डवेल. मतं मिळवायला डीजे स्वतः प्रचार करतात. म्हणजे कुणाचे चाहते मतदानाला बाहेर पडतात, हे त्या यादीवरून कळतं. पहाटे चारला रिकाम्या होत चाललेल्या हॉलमध्ये कोण माणसं धरून ठेवतो, ते त्यावरून कळत नाही.

याच्या उलट फ्रँकी नकल्स बघा. १९७७ पासून शिकागोच्या वेअरहाऊस क्लबमध्ये वाजवायचा, आणि त्या क्लबच्या नावावरूनच नृत्यसंगीताच्या एका प्रकाराला 'हाऊस' हा शब्द पडला. जागा एक, माणसं बरीचशी तीच, आणि दर आठवड्याला पुन्हा उभं राहायचं. त्याच माणसांना दर शनिवारी फसवता येत नाही. पाहुणा डीजे एक तासाचा सेट रटून येऊ शकतो, घरच्या डीजेला रोज नवं शोधावं लागतं. २००४ ला शिकागोनं तिथल्या रस्त्याला त्याचं नाव दिलं, २०१४ ला तो गेला. आजही हाऊस वाजवणारा कुणीही त्याच्या ऋणात आहे.

आपल्याकडे असा 'घरचा' डीजे तयार का होत नाही? आणि गाजावाजा आणि खरा हात वेगळे ओळखायचे कसे? तुमचे अनुभव लिहा.

कन्नाचौक_कट्टा | मंगळवार, रात्री ११.५२

लेख आवडला, पण त्या पोरावर अन्याय झालाय. एका हळदीवरून कुणाला नापास करायचं नसतं. त्याला ज्या कामासाठी बोलावलं होतं ते त्यानं केलं, मैदान भरलं, हे तुम्हीच लिहिलंय.

गाजावाजा आणि गुण एकाच माणसात असू शकतात. मार्टिन गॅरिक्सचं 'अ‍ॅनिमल्स' २०१३ ला आलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. एका गाण्याचा पाहुणा आहे, वर्षभरात विसरला जाईल, असं तेव्हा कितीजण बोलत होते. मीही त्यांत होतो. तो २०१६, २०१७, २०१८ ला त्या यादीत पहिला आला, मग २०२२ ला, मग २०२४ ला. दहा वर्षांहून जास्त काळ लोक नुसत्या जाहिरातीवर उभे राहत नाहीत.

आणि हार्डवेल. सलग दोन वर्षं जगात पहिला आलेला माणूस २०१८ ला सगळे दौरे थांबवून घरी बसला. २०२२ ला मायामीत अल्ट्रा महोत्सवाच्या मंचावर परतला तो जुनी हुकमी गाणी बाजूला ठेवून, जास्त गडद, टेक्नोकडे झुकलेलं संगीत घेऊन. नुसत्या प्रसिद्धीचा भुकेला असता तर तीच जुनी गाणी वाजवून अजून दहा वर्षं कमावली असती. तुमच्या यादीतल्या नावांतच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

बॉक्सवाला_अक्कलकोट_रोड | बुधवार, सकाळी ७.१५

मी या धंद्यात वीस वर्षं आहे. माझे स्वतःचे बॉक्स आहेत, दोन गाड्या आहेत. म्हणून आतली गोष्ट सांगतो.

सुपारीचा फोन आला की पहिला प्रश्न येतो, "बेस किती, टॉप किती?" दुसरा, "शार्पी किती?" तिसरा, "अमक्या मंडळापेक्षा जास्त आहे का?" वाजवणार कोण, हे मला वीस वर्षांत एकानंही विचारलेलं नाही. एकानंही नाही. आपल्या सोलापुरात 'डीजे' म्हणजे माणूस नाहीच, डीजे म्हणजे बॉक्सची भिंत. "डीजे लावला", "डीजे आला", "डीजे फुटला" असंच आपण बोलतो. वाजवणारा पोरगा म्हणजे ऑपरेटर. माझ्या एका सुपारीच्या हिशोबात सगळ्यात छोटा आकडा त्याचाच असतो. डिझेलपेक्षा कमी.

मग तो पोरगा शिकेल कशाला? त्याला ठाऊक असतं की लोक त्याच्यासाठी आलेले नाहीत. तो पेनड्राइव्हवर साउंड चेकचे ट्रॅक भरून आणतो, ज्यात दर अर्ध्या मिनिटाला कुणाचं तरी नाव ओरडतं, आणि आवाज लाल दिव्यापर्यंत नेऊन ठेवतो. अ‍ॅम्पच्या ताकदीबाहेर सिग्नल दिला की लाटेचा माथा कापला जातो. त्यालाच आपण आवाज फाटला म्हणतो. टॉपमधले ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, त्यानंच जळतात, भुर्दंड माझ्यावर. मी ओरडतो, "काय करलालाय बे, कमी कर!" तर मंडळाचा कार्यकर्ता माझ्यावर ओरडतो, "वाढव!"

अजून एक. अ‍ॅम्पची पॉवर दुप्पट केली तर आवाज तीनच डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला जवळपास दहापट पॉवर लागते. मंडळं एकमेकांवर चढ करण्यात जो पैसा घालतात, त्यातला निम्मा कानापर्यंत पोचत नाही. तोच पैसा एका चांगल्या हाताला दिला तर अख्खी पेठ नाचेल. हे मी माझ्या पोटावर पाय देऊन लिहितोय, पण खरं आहे ते लिहितोय.

सात_रस्ता | बुधवार, सकाळी ८.०३

बॉक्सवाले दादा, +१. 'डिझेलपेक्षा कमी' हे वाचून वाईट वाटलं. माझा चुलतभाऊ ऑपरेटर होता, आता एमआयडीसीत कामाला जातो. कानात सतत शिट्टी वाजल्यासारखं होतं म्हणतो.

तिसरा_डेक | बुधवार, दुपारी १.४०

मी मूळची अशोक चौकातली, सध्या पुण्यात नोकरी. चार वर्षांपासून डीजेइंग शिकतेय, शनिवार-रविवारी छोट्या जागी वाजवते. धाग्यात 'खरा हात' हा शब्द आलाय, त्यात नेमकं काय येतं ते लिहिते.

पूर्वी पहिली अट होती ती दोन गाण्यांची लय हातानं जुळवायची. टेक्निक्सचं एसएल-१२०० एमके२ हे टर्नटेबल १९७९ ला आलं, त्यावर वेग थोडा कमी-जास्त करायची पट्टी होती. एका कानात चालू गाणं, दुसऱ्या कानात येणारं गाणं, आणि बोटानं तबकडी हलकेच ढकलायची किंवा थोपवायची. हे जमायलाच महिने लागायचे. आता यंत्रावर सिंकचं बटण असतं, ते दाबलं की लय जुळते. जुने लोक म्हणतात की यानं कला मेली. मला तसं वाटत नाही. बटणानं लय जुळते, पण कुठलं गाणं, ते ठरवायचं माझ्याकडेच राहतं. बहुतेक नृत्यसंगीत बत्तीस ठोक्यांच्या वाक्यात बांधलेलं असतं. येणारं गाणं त्या वाक्याच्या तोंडाशी आणलं तर अंगाला कळतही नाही की गाणं बदललं. सोळाव्या ठोक्यावर घुसवलं तर लय जुळूनही पाय अडखळतात. सिंकला हे वाक्य कळत नाही.

जेफ मिल्स हा डेट्रॉइटचा माणूस तीन-तीन डेक (टर्नटेबल) आणि रोलँडचं टीआर-९०९ हे ड्रम यंत्र एकत्र वाजवतो. १९८० च्या दशकात तो रेडिओवर 'द विझार्ड' या नावानं वाजवायचा. कार्ल कॉक्सही तीन डेकसाठीच ओळखला जातो. त्यांचे हात बघताना माझा श्वास अडकतो. पण घरी डोळे मिटून ऐकलं तेव्हा उमगलं की त्यांनी काय वाजवलं नाही, कुठे थांबले, हे जास्त मोलाचं आहे. माझं हँडल त्यांच्यावरूनच घेतलंय.

आता दुसरी गोष्ट, जी लिहायला मला जड जाते. मला कामं मिळतात त्यातली निम्मी 'लेडी डीजे' म्हणून मिळतात. पोस्टरवर फोटो मोठा, नाव छोटं. पहिल्या वीस मिनिटांत दहाजण मोबाईल वर करून माझं शूटिंग करतात, नाचत कुणी नाही. हा गाजावाजा मला आयता मिळतो आणि तो मला नको आहे. त्या वीस मिनिटांनंतर मोबाईल खाली येतात की नाही, एवढंच मी बघते. ज्या रात्री खाली येतात त्या रात्री मी आनंदानं रिक्षात बसते.

जुनी_तालीम | बुधवार, रात्री ९.१०

बाळांनो, मी डीजेतला नाही. चाळीस वर्षं मंडळात लेझीम शिकवली. गणपती आले की महिनाभर आधीपासून रोज रात्री सराव व्हायचा, अजूनही काही पेठांत होतो. सोलापूरची लेझीम बघायला बाहेरगावची माणसं यायची.

त्या दोन आज्यांचं वाचून मला आमचा हलगीवाला आठवला. लेझीमच्या खेळात हलगीवाल्याची नजर पोरांच्या गुडघ्यांवर असते. गुडघे जड झाले, की तो डाव बदलतो. लय तीच ठेवतो, पण मधल्या मात्रा काढून टाकतो. पोरांना श्वास मिळतो आणि त्यांना कळतही नाही की दम दिला गेला. शंभर पोरं एका माणसाच्या हातात असतात. नवखा हलगीवाला काय करतो? पोरं थकली की जोरात मारतो. जोरानं पोरं दोन मिनिटं उसळतात आणि मग कोसळतात.

माझी तक्रार एकच. भिंत आली आणि हलगी ऐकू येईनाशी झाली. माझ्या डोळ्यांदेखत एका मिरवणुकीत आमच्या पोरांना लय ऐकू आली नाही म्हणून रांग फुटली. पुढच्या मंडळाचा डीजे आमच्या हलगीवर चढला होता. त्या रात्री हलगीवाला घरी जाऊन रडला. पुढच्या वर्षी त्यानं हलगी घेतली नाही.

डीजे वाईट असं मी म्हणणार नाही. त्या मामांसारखा कुणी असेल तर त्याला मी हलगीवालाच म्हणेन.

कान_सांभाळा | गुरुवार, सकाळी १०.३०

मी कानांच्या तपासणीचं काम करते. हळदीचं मैदान रिकामं का झालं, त्याला शास्त्रातही कारण आहे.

फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आपला कान सगळे स्वर सारखे ऐकत नाही. आवाज मोठा असतो तेव्हा खर्जातले सूर भरपूर ऐकू येतात. तोच आवाज खाली आणला की खर्ज सगळ्यात आधी हरवतो, मधले सूर टिकतात. म्हणजे ज्या ट्रॅकमध्ये बेसशिवाय काही नाही, तो हळू आवाजात जवळजवळ नाहीसाच होतो. त्यात बेसचे बॉक्सही बंद केले होते. मामांनी हलगी आणि लोकगीत निवडलं, दोन्हींचा जीव मधल्या सुरांत आहे. त्यांना फ्लेचर-मन्सन माहीत नसतील, पण कान माहीत होता.

बाकी आकडे सगळ्यांनी लक्षात ठेवावेत. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांपर्यंत राहणं चालतं असं धरतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. भिंतीसमोर १०० सहज ओलांडले जातात. आपल्या देशाच्या २००० च्या ध्वनी नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसाची मर्यादा ५५ आहे आणि रात्रीची ४५. माझ्याकडे येणाऱ्यांत ऑपरेटर पोरं खूप आहेत. सात रस्तावाल्यांनी भावाला तपासून घ्यायला सांगावं. शिट्टी वाजणं सहज सोडून द्यायची गोष्ट नाही.

हलगी_ते_हाऊस | गुरुवार, रात्री १०.४५

तालीमकाका, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला. मधल्या मात्रा काढून दम देणं, हेच चांगला डीजे करतो. ठोका काढून घेतो, नुसते सूर ठेवतो आणि माणसांनी श्वास घेतला की ठोका परत आणतो. बाजारू डीजे दर दोन मिनिटांनी ड्रॉप टाकतो, म्हणजे थांबवलेला ठोका एकदम दणक्यात आणतो, कारण शांततेची त्याला भीती वाटते.

डेव्हिड मॅन्कुसो नावाचा माणूस न्यूयॉर्कमध्ये १९७० पासून स्वतःच्या घरी पार्ट्या करायचा, त्या जागेला 'द लॉफ्ट' म्हणत. पुढे पुढे त्यानं मिक्सिंग करणंच सोडलं. गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजवायचा, मध्ये क्षणभर शांतता, मग पुढचं गाणं. स्वतःला डीजे म्हणवून घ्यायलाही तो तयार नसायचा. स्पीकर उत्तम, पण कान फोडणारा आवाज नाही. हातांची कसरत शून्य, निवड सगळी. आणि न्यूयॉर्कचे कितीतरी मोठे डीजे त्याच्या घरी नाचून शिकले.

आणखी एक, आपल्या मुंबईचा. चरणजीत सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवायचे. १९८२ ला त्यांनी 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही रेकॉर्ड केली. रोलँडची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही इलेक्ट्रॉनिक वाद्यं, आणि त्यावर भैरव, ललत, मधुवंती. ती फारशी खपलीच नाही. ते टीबी-३०३ मुळात एकट्यानं सराव करणाऱ्या वादकांना बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं यंत्र. तेही बाजारात आपटलं आणि १९८४ ला बंद झालं. १९८७ ला शिकागोच्या फ्यूचर या गटानं त्याच यंत्रातून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं आणि अ‍ॅसिड हाऊस जन्माला आलं. जगाला पुढे कळलं की तसाच आवाज एका मुंबईकरानं पाच वर्षं आधी काढून ठेवला होता. २०१० ला ती रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि सत्तरीतल्या सिंगसाहेबांना युरोपात वाजवायला बोलावणी आली. २०१५ ला ते गेले. मी ती रात्री झोपताना एकदम हळू आवाजात ऐकतो. चाळीस वर्षांनंतरही त्यातलं एक ठिपकाभर शिळं झालेलं नाही.

कन्नाचौक_कट्टा | शुक्रवार, सकाळी ९.२०

चरणजीत सिंगांचं उदाहरण सुंदर आहे, पण ते माझ्या बाजूनं बोलतंय असं मला वाटतं.

१९८२ ते २०१०. अठ्ठावीस वर्षं. तेव्हा कुणीतरी त्या रेकॉर्डचा गाजावाजा केला असता, तर त्या माणसानं पुढे आणखी दहा रेकॉर्ड केल्या असत्या. आपण त्या दहा रेकॉर्ड गमावल्या. गुणाला आवाज मिळाला नाही याचा अभिमान कसला बाळगायचा? असे किती जण कायमचे हरवले असतील, ज्यांची रेकॉर्ड कुणाला सापडलीच नाही! तुमचे ते मामाच घ्या. सोलापुरात आज त्यांना किती लोक ओळखतात? तुम्हीसुद्धा नाव लिहीत नाही.

न्यूक्लियाकडे बघा, म्हणजे उदयन सागरकडे. तो १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बंदिश प्रोजेक्ट या गटातून राबत होता. आपल्या रस्त्यावरचे, मिरवणुकीतले ताल त्यानं बेस म्युझिकमध्ये आणले. 'बास रानी' हा त्याचा अल्बम २०१५ ला आला आणि सगळा देश ओळखायला लागला. आधीची पंधरा-सोळा वर्षांची मेहनत होती म्हणून २०१५ चा गाजावाजा त्याला पेलला. गाजावाजा गाडीतलं डिझेल आहे. गाडी नसेल तर डिझेल नुसतं सांडतं, पण डिझेल नसेल तर चांगली गाडीही दारात गंजते.

आणि त्याची किंमतही माणसंच मोजतात, हेही लिहायला हवं. अ‍विची, म्हणजे डीजे टिम बर्गलिंग, २०१६ ला तब्येतीपायी दौरे सोडून बसला आणि २०१८ ला मस्कतमध्ये गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता. चाली सुचण्याचं एवढं देणं असलेल्या पोराला तो गाजावाजा झेपला नाही. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं होतं.

हलगी_ते_हाऊस | शुक्रवार, सकाळी १०.०५

मामांबद्दलचं म्हणणं मान्य. काल रात्रीच त्यांना फोन केला. आता टेंभुर्णीला मुलाकडे असतात. 'नाव लिहू का' विचारलं तर 'नको रे' म्हणाले. पण त्यांच्याकडे असलेल्या हलगी-संबळच्या कॅसेट डिजिटल करून द्यायला तयार झालेत. पुढच्या रविवारी जातोय.

बॉक्सवाला_अक्कलकोट_रोड | शुक्रवार, दुपारी ३.३०

धागा वाचून मी एक केलंय. पुढच्या महिन्याच्या एका सुपारीच्या बिलात ऑपरेटरचं नाव आणि त्याची बिदागी वेगळ्या ओळीत लिहिली. गिऱ्हाईकानं विचारलं, हे काय? म्हटलं, वाजवणारा हा आहे, पसंत नसेल तर दुसरा देतो, बॉक्स तेच राहतील. ते म्हणाले, "मग आधी याचं काहीतरी ऐकवा की." वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी ऐकायला मागितलं! चार बेस कमी करून ते पैसे त्या पोराला दिलेत.

गड्डा_मैदान | शुक्रवार, रात्री ११.३५

सगळ्यांना नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितोय. मी वीस वर्षांचा आहे, साखर पेठेत राहतो. वडील यंत्रमागावर होते. जुना, दोन चॅनेलचा डीजे कंट्रोलर हप्त्यावर घेतलाय.

कन्नाचौकवाले सर, तुमचं पटतंय, पण डिझेल मिळवायचं कसं? मी तीन ठिकाणी गेलो. दोघांनी आधी फॉलोअर विचारले. तिसऱ्यानं माझे मिक्स घेतले, माझं नाव काढून त्यावर दुसऱ्याच्या नावाचा आवाज चिकटवला आणि चढवले. त्यावर आता लाखभर व्ह्यू आहेत. मी त्या कमेंट वाचत बसतो. लोक म्हणतात 'कडक', आणि ते मला नाही, दुसऱ्याला म्हणतात. त्यानंतर दोन महिने मी काही बनवलं नाही.

हा धागा वाचून परवा पुन्हा बसलो. घरात आजी लवकर झोपते, म्हणून माझं सगळं शिकणं बारीक आवाजातच झालंय. त्याचा मला नेहमी राग यायचा. कालपासून येत नाही. बेचाळीस मिनिटांचा सेट केलाय, मिनिटाला १०४ ठोक्यांच्या वेगापासून १२४ पर्यंत. सुरुवातीला गड्ड्याच्या यात्रेत मोबाईलवर रेकॉर्ड केलेला हलगीचा आवाज आहे. कुणाचंही नाव ओरडलेलं नाही, माझंही नाही. दुवा माझ्या विपूत (विचारपूस पानावर) ठेवलाय. वेळ असेल त्यांनी ऐका आणि चुका सांगा, बरं वाटावं म्हणून काही सांगू नका.

तिसरा_डेक | शनिवार, पहाटे १२.५०

ऐकला. दोनदा. पहिल्यांदा हेडफोनवर, दुसऱ्यांदा मोबाईल टेबलावर ठेवून, अगदी हळू.

हलगीतून पहिला ठोका वर येतो ती जागा फार छान आहे. तिथे तू घाई केली नाहीस. नऊ ते चौदा मिनिटं थोडी गर्दी झालीय, दोन्ही गाण्यांत गायकाचा आवाज एकदम चालू आहे, एकाचा काढ. एकोणिसाव्या मिनिटाला वेग एकदम चार-पाचनं वाढलाय. तो दोन गाण्यांत वाटून वाढव, नाहीतर पाय मागे राहतात. आणि सत्ताविसाव्या मिनिटाला तू ठोका काढून घेतलास, नुसती ती सनई ठेवलीस. सोळा ठोक्यांवर परत आणलास. बत्तीस थांब. मी वाट बघत होते.

जुनी_तालीम | शनिवार, सकाळी ६.२०

नातवानं लावून दिला. मी चहा घेत ऐकत होतो. सुरुवातीची हलगी कुणाची आहे रे बाळा? हात ओळखीचा वाटतोय. यंदाच्या गड्ड्यात रेकॉर्ड केलीस का? कुठल्या बाजूला वाजत होती ते आठवून सांग. त्यानं पुन्हा हलगी घेतली असेल तर मला त्याच्या घरी जायचंय.

गड्डा_मैदान | शनिवार, सकाळी ६.४१

काका, यंदाचीच. होम मैदानावर पाळण्यांच्या मागच्या बाजूला एक वयस्कर गृहस्थ पोरांना शिकवत होते. पांढरी टोपी, डाव्या हाताला पट्टी बांधलेली. त्यांना विचारूनच रेकॉर्ड केली. तुम्ही म्हणाल त्या दिवशी मी तुम्हाला घेऊन जातो.